शाडूची मूर्ती आणि एअरब्रश : दिवाळीनंतर सुरू केलं ते चतुर्थीपर्यंत

आधीच सांगते, बाईकच्या टाकीवर किंवा हेल्मेटवर एअरब्रश (हवेच्या दाबानं रंगाचा बारीक फवारा मारणारी गन) वापरणाऱ्यांना यातलं फारसं उपयोगी पडणार नाही, त्यांच्यासाठी व्हिडिओ ढिगानं आहेत. पत्र्यावर टेप घट्ट बसते, रंग पक्का धरतो, नाही जमलं तर पुसून परत मारता येतं. शाडूचं तसं नसतं. शाडू पाणी पितो, वरचा थर भुसभुशीत राहतो आणि टेप ओढली की रंग तर निघतोच, खाली मातीचा पापुद्रासुद्धा निघतो. मी शिकायला घेतलं तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं आणि विचारायचं कुणाला हेही कळत नव्हतं, म्हणून आता यंदाची, म्हणजे २०२५ ची, चतुर्थी पार पडल्यावर निवांतपणे सगळं क्रमानं लिहितेय, खर्च आणि कागदपत्रांसकट.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. आधी घरची, मग अपार्टमेंटमधल्या शेजाऱ्यांची, मग ओळखीच्यांची अशा करत करत शाडूच्या मूर्ती वाढत गेल्या, रंगकाम सगळं ब्रशनं. २०२४ ची चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि त्या वर्षी मूर्ती रंगवताना माझं एक नक्की झालं की अंगाच्या रंगाला ब्रश पुरत नाही. शाडूवर दुसरा हात द्यायला ब्रश टेकवला की खालचा थर ओला होऊन उकरतो, सोंडेच्या वळ्यांत रंग साचतो, आणि गालावरून कानाकडे जाताना उजेडातून सावलीत सरकणारा जो हलका उतार पाहिजे तो काही केल्या येत नाही. एअरब्रशनं रंग धुक्यासारखा बसतो, पाणी कमी लागतं, माती भिजत नाही. म्हणजे खरं तर शाडूला एअरब्रशच जास्त मानवतो, पण हे मला फार नंतर कळलं.

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात मिरजेतल्या एका गणपतीच्या कारखान्यात गेले, तिथं रंगकाम करणारे एक काका आहेत, वय सत्तरीच्या आसपास, हात मात्र अजून स्थिर. त्यांना म्हटलं मला शिकवा. ते म्हणाले, "आत्ता काय न्हाई गं, अजून माती भिजतीया. संक्रांत होऊ दे, मग ये. आणि येताना गन-बिन घेऊन येऊ नको, मोकळ्या हातानं ये." संक्रांतीनंतर शनिवार-रविवार जायला लागले तर पहिले कितीतरी दिवस त्यांनी मला गन हातात दिलीच नाही, नुसतं पुठ्ठा धरून उभं केलं. ते पितांबर मारायचे आणि मी मांडीच्या कडेला जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा धरायचे.

तिथंच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली. पत्रिकेची कड मूर्तीला चिकटवून धरली तर रंगाची कड धारदार येते. तीच कड बोटभर लांब धरली तर कड विरघळते, एक मऊ सावली उरते. मधे कुठं धरली तर मधलं काहीतरी येतं. काका तोंडानं काही बोलायचे नाहीत, डाव्या हाताच्या बोटानं माझं मनगट जरासं मागं ढकलायचे, की तिथली कड मऊ पाहिजे. मास्किंग, म्हणजे रंग नको तिथं आड धरणं, हे नुसतं टेप लावणं असतं असं मी धरून चालले होते. टेप त्यातला एक छोटा भाग आहे. कुठं कड पाहिजे आणि कुठं कड नको हे आधी ठरवायचं, मग त्या त्या कडेला काय धरायचं ते बघायचं. आता मी रंगवायला बसण्याआधी मूर्तीचा फोटो काढते आणि फोनवरच बोटानं रेघा मारून ठेवते, पितांबर आणि पोट इथं धारदार, शेल्याच्या घड्या मऊ, सोंड आणि गाल तर कडच नाही. यात वेळ जातो पण पुढचा सगळा गोंधळ वाचतो.

जानेवारीतच सामान मागवलं. भिशीचे पैसे आले होते त्यातून. भाव मला मिळाले तसे लिहितेय, तुम्हाला थोडे मागंपुढं मिळतील. वर कप असलेला डबल ॲक्शन एअरब्रश ०.३ मिलिमीटर नोझलचा १,३५० रुपये, तसलाच ०.५ चा १,६००, विनातेलाचा छोटा कॉम्प्रेसर ३ लिटरच्या टाकीसह ७,८००, पाणी अडवणारा एक जास्तीचा फिल्टर ३५०, खोलीच्या खिडकीला लावायला एक्झॉस्ट फॅन १,४०० आणि एन-९५ मास्कचा एक बॉक्स. टाकी नसलेला कॉम्प्रेसर हजार-दोन हजारानं स्वस्त मिळतो पण घेऊ नका, हवा धडधडत येते आणि बारीक शेडिंगमधे ती धडधड रंगात दिसते. माझा कॉम्प्रेसर आला तोच मुळी प्रेशरच्या काट्याची काच फुटलेला. पार्सल उघडताना व्हिडिओ काढलेला होता म्हणून बदलून मिळाला, पण त्यात फेब्रुवारी उजाडला. ऑनलाइन काचेचं, मीटरचं काहीही मागवलं की उघडताना व्हिडिओ काढाच.

सरकारी मदतीचं बरेच जण विचारतात म्हणून इथंच लिहिते. कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसाय आहेत, त्यात कुंभार आहे आणि मूर्तिकारही आहे. पाच ते सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, त्याचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं ई-व्हाउचर आणि पुढं ५ टक्के व्याजानं कर्ज. फॉर्म कॉमन सर्व्हिस सेंटरमधून आधारवर भरतात, मग ग्रामपंचायत किंवा शहरात नगरपालिका-महापालिका पातळीवर पडताळणी, त्यानंतर जिल्हा पातळी, मग पुढची समिती. कुटुंबातल्या एकालाच मिळतं आणि घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही. माझे मिस्टर सरकारी नोकरीत आहेत त्यामुळे माझा विषय तिथंच संपला. पण ज्यांच्या घरात हे काम खरंच चालतं त्यांनी सेंटरवर जाऊन आधी पात्रता विचारून घ्यावी.

फेब्रुवारी सगळा सरावात गेला. वर्तमानपत्रावर ठिपके, मग रेघा, मग एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला विरत जाणारी रेघ. डबल ॲक्शनमधे बटण दाबलं की हवा, मागं ओढलं की रंग. सवय अशी लावून घ्यायची की हवा आधी सुरू करायची आणि शेवटी बंद करायची, रंग मधे. उलटं झालं की नोझलवर साठलेला थेंब पुढच्या वेळी फटकन मूर्तीवर बसतो. आणि हात कायम हलता ठेवायचा, हात आधी हलायला लागला पाहिजे मग रंग, थांबताना रंग आधी थांबला पाहिजे मग हात. रंग दुधाइतका पातळ, कपाच्या आतल्या भिंतीवरून ओघळताना मागं पातळ पडदा ठेवून जाईल इतपत. प्रेशर बारीक शेडिंगला १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, कॉम्प्रेसरच्या काट्यावर दिसतं), पूर्ण अंगाचा बेस मारायचा असेल तर २५ ते ३०. रंग जास्त पातळ आणि गन जास्त जवळ असली की रंगाला कोळ्यासारखे पाय फुटतात, तेव्हा आधी गन मागं घ्या, मग प्रेशर कमी करा.

कागद झाल्यावर थेट मूर्ती घेऊ नका. मी कुंडीच्या दुकानातून कच्च्या, न रंगवलेल्या मातीच्या कुंड्या आणल्या आणि शाडूच्या चपट्या फरशा थापून वाळवून घेतल्या, त्यावर सगळे प्रयोग. काकांनी अशाच एका फरशीवर मला मुद्दाम दाखवलं. अर्ध्या फरशीला प्रायमर (रंगाच्या आधी द्यायचा पांढरा थर), अर्धी कोरी, दोन्हीवर रंग आणि त्यावर हार्डवेअरच्या दुकानातली साधी पिवळी टेप. ओढली. कोऱ्या बाजूनं रंग आणि माती दोन्ही टेपेला चिकटून आलं, प्रायमरच्या बाजूनं मधेच एक टिकली एवढं निघालं. "बघितलंस? प्रायमर मारलं म्हणून टेपेवर भरवसा ठेवायचा न्हाई," एवढंच म्हणाले.

पाडवा ३० मार्चला होता, त्या दिवशी माती कालवली. मूर्ती घडवायचा भाग इथं लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. फक्त वाळवणीचं सांगते कारण त्याचा रंगाशी संबंध आहे. एप्रिलमधे सांगलीत ऊन असं असतं की लोकांना वाटतं बाहेर ठेवलं की झालं. उन्हात ठेवली की बाहेरून वाळते, आतून ओली राहते आणि तडा जातो. सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी, मधून मधून फिरवत. यंदा मान्सून केरळात २४ मेलाच आला आणि आपल्याकडं मे संपायच्या आतच पावसानं सुरुवात केली, त्यामुळं उशिरा घडवलेल्या मूर्ती वाळायला जीव खाल्ला. वाळली का हे ओळखायला मी गालाला लावून बघते, गार लागली म्हणजे आत अजून पाणी आहे. अशा मूर्तीवर रंग मारला तर आतलं पाणी बाहेर येताना रंगाला फुगे धरतात.

जून महिना प्रायमर आणि कागदपत्रांचा. मूर्ती आधी १२० मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून, कोरड्या ब्रशनं धूळ झाडून, व्हाइटिंग पावडर (खडूची बारीक पूड) आणि डिंकाच्या पाण्याचे अगदी पातळ दोन-तीन हात, तेही गननंच. डिंकाचं प्रमाण हा नाजूक मामला आहे, जास्त झाला तर थर तडकतो, कमी झाला तर बोटाला पांढरं लागतं. प्रत्येक घाणा आधी फरशीवर मारून, वाळवून, बोट फिरवून बघायचा.

रंगांबद्दल माझं मत ठाम आहे. मूर्ती पाण्यात जाणार आहे तर रंगही पाण्यात जाण्यासारखाच पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांमधे हेच आहे, पाण्यावर आधारित, विषारी नसलेले, नैसर्गिक रंग. म्हणून मी गेरू, पिवळी माती, काव, थोडी काजळी हे वापरते, डिंकात कालवून. हे रंग एअरब्रशमधे चालतात का, तर चालतात, पण खलून खलून मऊ करायचे आणि मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळायचे, आणि ०.५ चं नोझलच वापरायचं. ०.३ मधे मातीचा रंग घातला की दर पाच मिनिटाला तुंबतो. हळदीचं सगळे विचारतात, सांगलीत राहून पितांबराला हळद नाही हे कसं. हळदीचा पिवळा खरंच सुंदर येतो, पण उजेडात उडतो आणि चुन्याचा अंश लागला की लालसर पडतो. मी बेस पिवळ्या मातीचा देते आणि मूर्ती घरी जायच्या आदल्या आठवड्यात त्यावर हळदीच्या पाण्याचा एक पातळ फवारा, म्हणजे दहा दिवस तरी तो लखलखीतपणा राहतो.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, याच महिन्यात केलं. फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, आधारला मोबाईल जोडलेला असला पाहिजे कारण ओटीपी तिथंच येतो. बँकेचा खाते नंबर आणि आयएफएससी जवळ ठेवा. कोपऱ्यावरच्या दुकानात याचे पाचशे-हजार घेतात, गरज नाही, सरकारी पोर्टलवर घरी बसून होतं. व्यवसायाचा कोड निवडताना मात्र वेळ लागतो, घाई करू नका. ९ जूनला मुंबई हायकोर्टानं पीओपीच्या मूर्ती बनवायला परवानगी दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जन करायचं नाही अशी अट ठेवून, तेव्हा शाडूवाल्यांच्या ग्रुपवर दोन दिवस नुसती धाकधूक होती, की आता आपल्या मूर्ती घेणार कोण. माझ्या तर निम्म्या मूर्ती प्रायमर मारून ओळीत उभ्या होत्या. त्या रात्री झोप लागली नाही हे खरं आहे. सकाळी उठून परत पॉलिश पेपर हातात घेतला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

आता जुलै, म्हणजे खरं मास्किंग-शेडिंग. इथं जरा सविस्तर लिहिते.

पहिला नियम क्रमाचा. फिक्याकडून गडदाकडे. अंगाचा रंग सगळ्यात फिका, तो आधी. त्याचा फवारा पितांबरावर उडाला तर उडू दे, वरून गडद बसणारच आहे. अंग, अंगाचं शेडिंग, मग पितांबर, मग शेला, शेवटी दागिने आणि मुकुट ब्रशनं. या एका क्रमानं मास्किंगचं निम्मं काम कमी होतं. उलट केलं की प्रत्येक टप्प्याला आधीचं सगळं झाकत बसावं लागतं आणि शाडूवर जितकं कमी झाकाल तितकं बरं.

शेडिंगला बसण्याआधी खोलीतला दिवा घालवायचा आणि मोबाईलचा टॉर्च मूर्तीच्या डोक्याच्या वर, जरासा पुढं धरायचा. घरोघरी मखरात दिवे वरून आणि पुढूनच येतात. कुठं कुठं नैसर्गिक सावली पडते ते दिसतं, भुवईच्या खाली, सोंड जिथं गालातून निघते तिथं दोन्ही बाजूला, सोंडेच्या प्रत्येक वळीच्या खालच्या अंगाला, पोटाच्या घडीखाली, बेंबीत, कोपराच्या आत, बोटांच्या फटीत. तसाच एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून समोर लावते. मग तिथंच, फक्त तिथंच, सावली द्यायची. मातीतच सावली आहे, आपण ती थोडी ठळक करतो. काळा रंग अंगाच्या शेडिंगला अजिबात नको, मूर्ती मळकट दिसते, विसर्जनाआधीच धुळीनं माखल्यासारखी. अंगाचा बेस व्हाइटिंगमधे चिमूटभर गेरू आणि पिवळी माती, आणि सावलीला तोच गेरू जास्त पाणी घालून, वाटलंच तर काव. इतका पातळ की पहिल्या फवाऱ्यात काही दिसूच नये. चार-पाच फेऱ्यांत हळूहळू वर येऊ द्यायचा. दिसला की लगेच थांबायचं, कारण वाळल्यावर रंग कसा दिसेल ते ओला असताना कळत नाही. हे डिंकातले मातीचे रंग ओले असताना गडद दिसतात आणि वाळले की फिके पडतात, त्यामुळं फरशीवर वाळवून बघितल्याशिवाय सावलीचा रंग ठरवू नका.

सोंडेच्या वळ्यांना मी पत्रिकेचे कापलेले तुकडे वापरते, वळीच्या गोलाईप्रमाणे कापून. तुकडा वळीच्या वरच्या कडेवर अगदी हलका टेकवायचा आणि गन कार्डावरून खालच्या बाजूला सरकवायची, म्हणजे वळीच्या वर धारदार आणि खाली विरत जाणारी सावली मिळते. गनचं तोंड कार्डाच्या खाली घुसेल अशा दिशेला कधी धरायचं नाही, हवेनं कार्ड उचललं जातं आणि रंग आत शिरतो. गन सरळ किंवा कार्डापासून लांब जाणाऱ्या दिशेला. गाल आणि गंडस्थळाला काहीच धरत नाही, तिथं नुसता हात. गन दहा सेंटिमीटर लांब, गोल गोल, आणि श्वास रोखून. खरंच रोखावा लागतो.

पितांबर आणि पोट जिथं भेटतात ती कड धारदार पाहिजे, तिथं कमी चिकटणारी कागदी वाशी टेप, पण ती आधी स्वतःच्या तळहाताला दोन-तीन वेळा चिकटवून तिचा जोर कमी करून घेते. टेप लावली की कडेवरून नखानं नाही, कोरड्या कापसानं दाबायची. मग एक युक्ती, पितांबराचा रंग मारायच्या आधी टेपेच्या कडेवर अंगाचाच रंग हलका फवारायचा. टेपेखाली काही शिरायचंच असेल तर अंगाचा रंग शिरतो आणि फट बुजते, मग वरून पिवळा मारला तरी आत जात नाही. टेप काढताना वर उचलायची नाही, मागं दुमडून मूर्तीला लागून सावकाश ओढायची, रंग हाताला लागत नाही इतपत वाळला की लगेच. रात्रभर ठेवू नका. बाकीची मूर्ती झाकायला स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म, ती चिकटत नाही, नुसती गुंडाळून बसते. मांडी आणि पोटाच्या खोबणीत, जिथं टेप बसतच नाही, तिथं कापसाची वात लांबट वळून ठेवते. तिची कड आपोआप मऊ येते.

पितांबराच्या काठाला एक्स-रे फिल्म. काकांकडं जुन्या एक्स-रेंचा गठ्ठाच आहे, त्यात कोयऱ्या, वेलबुट्टी, रुईफुलं कापलेली. फिल्म वाकते पण भिजत नाही, पुसून परत वापरता येते. नवीन ब्लेडनं, खाली काच ठेवून कापायची. डिझाईन कापताना दोन भोकांच्या मधला पूल तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक ठेवू नका, हवेनं थरथरतो. फिल्म एका हातानं धरून गन बरोबर समोरून, १५ पीएसआय, दोन झटके, बस. गोल मांडीवर अख्खी फिल्म एकदम बसत नाही, म्हणून दोन-दोन बुट्ट्यांचे छोटे तुकडे करून पुढं सरकवत जायचं.

पावसाळ्याचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे हवेतलं पाणी. कॉम्प्रेसर दमट हवा दाबतो, टाकीत आणि नळीत ती गार होते आणि पाणी सुटतं, ते गनमधून थुंकल्यासारखं रंगात येतं. शाडूवर असा एक थेंब म्हणजे डाग. कॉम्प्रेसरला लागून जो फिल्टर असतो तिथं हवा अजून गरम असते, त्यामुळं बरंच पाणी त्यातून पुढं जातं. म्हणून दुसरा फिल्टर नळीच्या शेवटाकडं, गनच्या जवळ लावला आणि तो प्रश्न जवळजवळ मिटला. शिवाय रोज काम संपल्यावर टाकीखालचा स्क्रू सोडून पाणी काढायचं. आषाढात माझ्या टाकीतून चहाच्या कपभर तरी निघायचं. रंगाच्या दोन फेऱ्यांमधे घाई केली तर खालचा थर मऊ असतो, म्हणून खोलीत पंखा आणि एक साठचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवला होता, मूर्तीपासून लांब.

मास्क रोज घालायचा, नैसर्गिक रंग आहे म्हणून सोडायचा नाही, मातीची बारीक पूड छातीत जाणं वाईटच.

ऑगस्टमधे डोळ्यांची आखणी. ती ब्रशनंच. काकांनी मला सांगितलं होतं की डोळ्यांच्या भोवतीचं शेडिंग करून झालं की दोन दिवस मूर्तीकडं बघू नकोस, मग आखणीला बस. ते मी पाळलं. सकाळी लवकर, पाऊस असला तरी खिडकीजवळ. आखणी झाल्यावर पहिल्या मूर्तीनं जे बघितलं ना माझ्याकडं, मी खरंच ब्रश खाली ठेवून हात जोडले.

मूर्ती विकायच्या स्टॉलच्या परवानगीचा अर्ज जुलैच्या शेवटी दिला होता. मला लागलेले कागद असे, अर्ज, आधार, दोन फोटो, जागेचा हातानं काढलेला नकाशा, ज्यांच्या दुकानासमोर टेबल लावणार त्यांचं संमतीपत्र, आणि मूर्ती शाडूच्या व रंग पाण्यावर आधारित असल्याचं हमीपत्र. भाडं आणि परत मिळणारं डिपॉझिट वेगवेगळ्या पावत्यांवर भरलं. पोलिसांच्या नाहरकतीला आठवडा धरा. प्रत्येक कागदाची झेरॉक्स आणि त्यावर पोच घ्या, तारखेचा शिक्का पाहिजेच. तुमच्याकडं कागद थोडे वेगळे असतील, म्हणून आधी यादी लिहून मागा.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कोयनेतून विसर्ग वाढला आणि कृष्णा चढायला लागली. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, हे आकडे सांगलीत लहान मुलांनाही पाठ असतात. आमच्याकडं पाणी येत नाही, पण नदीजवळच्या गावभागातल्या ज्यांच्या मूर्तींचं बुकिंग होतं त्यांचे फोन यायला लागले, ताई मूर्ती तुमच्याकडंच राहू दे, पाणी उतरलं की नेतो. ठेवल्या. सगळ्यांना क्लिंग फिल्मऐवजी सुती कापड गुंडाळलं, कारण दमट हवेत प्लॅस्टिकच्या आत घाम धरतो आणि डिंकातला रंग चिकट होतो. पाणी उतरलं आणि २७ ऑगस्टला सकाळी सात वाजल्यापासून माणसं न्यायला आली. नऊ ते बारा इंचाच्या मूर्तीला १,८०० ते २,५०० घेतले. सामानाचा खर्च निघाला, वर थोडे उरले, ते पुढच्या मातीला.

काकांना नेऊन एक मूर्ती दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, सोंडेखाली बोट न लावता बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हितं अजून एक फवारा कमी चालला असता." मग म्हणाले, "पितांबराची कड बरी आलीया." आम्हा दोघांचा चहा झाला.

अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली, त्यानंतर डिपॉझिट परत मागायचा अर्ज. मूळ पावती आणि बँक पासबुकची झेरॉक्स लागते, मूळ पावती जमा करायच्या आधी तिचा फोटो काढून ठेवा. पैसे खात्यात यायला महिना लागला. गन ठेवून देताना सुई, नोझल, कप सगळं सुटं करून कोमट पाण्यात, डिंक असल्यामुळं तेवढं पुरतं. सुई पुसताना कायम मागून टोकाकडं पुसायची, टोकाकडून मागं पुसली की बोटात घुसते आणि टोक वाकतं, आणि वाकलेल्या सुईनं सरळ रेघ कधीच येत नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीचा स्क्रू उघडाच ठेवून मी तो माळ्यावर ठेवलाय. २०२६ ला अधिक महिना आहे, चतुर्थी १४ सप्टेंबरला येते, म्हणजे पावसातले दिवस यंदापेक्षा जास्त, त्यामुळं प्रायमर मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपवायचं असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. तुम्ही सुरू करणार असाल तर फरशा आत्ताच थापून ठेवा, सरावाला लागतील.